घरात आढळलेली दुसरी व्यक्ती

पत्र सकाळी अकराच्या टपालाने आलं आणि प्रूफकाकांनी सवयीप्रमाणे ते हातात लाल पेन्सिल घेऊनच वाचायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेल्या माणसाला लाल पेन्सिलीशिवाय औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचता येत नाही. शिवाय ते मोठ्याने वाचत आणि विरामचिन्हांसकट वाचत. छापखान्यात एकाने मूळ प्रत अशी वाचायची आणि दुसऱ्याने समोरचं प्रूफ पडताळायचं, अशी पद्धत. समोरचा दुसरा केव्हाच निवृत्त होऊन वारला होता, पण काकांचं वाचन चालूच होतं. तर, पहिल्या ओळीत एक स्वल्पविराम कमी होता, तो त्यांनी घातला. दुसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला होता, तो उडवला. अशी सगळी डागडुजी झाल्यावर पत्रात म्हटलंय काय ते त्यांच्या डोक्यात शिरलं आणि पेन्सिल हातातच राहिली.

"गृहभेटीत आपल्या घरी आपल्याखेरीज दुसरी व्यक्ती राहत असल्याचे आढळून आले आहे. सबब एकट्या ज्येष्ठांसाठी असलेली मदतनीस सेवा येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे."

काकांनी मान वर करून घरभर नजर फिरवली. फिरवायला फारसं घर नव्हतंच. बाहेरची खोली, आतली खोली आणि दोघांच्या मध्ये उरलेल्या जागेत स्वयंपाकघर. चार वर्षांपूर्वी बायको गेली, त्याच वर्षी जिन्यात पाय घसरून कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून कल्याण कार्यालयाकडून आठवड्यातून तीन दिवस एक मदतनीस बाई येत. सामान आणणं, चादरी धुणं, पाण्याच्या बादल्या उचलणं हे सगळं त्या करत. बाकी या घरात काका आणि काकांचा आवाज, एवढंच काय ते.

खरं सांगायचं तर पत्र वाचल्यावर एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांना बरं वाटलं होतं. सरकारी माणूस लिहून देतोय की घरात दुसरं कोणी आहे. म्हणजे ती कदाचित गेलेलीच नसेल, आपल्यालाच दिसत नसेल. मग त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली, कारण ती नसेल तर मग कोण?

मदतनीस बाई आतल्या खोलीत झाडत होत्या. काकांनी दारात उभं राहून सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, या घरात माझ्याशिवाय कोणी दिसलंय का हो तुम्हाला कधी?"

बाईंचा झाडू थांबला. "कोण दिसायचंय?"

काकांनी पत्र वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. बाईंनी पलंगापासून दोन पावलं मागे घेतली. "काका, मी पलंगाखाली दर खेपेला झाडते. कोणी असतं तर झाडूला लागलं असतं की."

"वरच्या मजल्यावर कोण आहे सध्या?"

"वर? वर कुलूप आहे. ते गेले ना मुलाकडे, झाली चार वर्षं. चिटपाखरू नाही वर." एवढं बोलून बाईंनी छताकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पलंगाखालचं झाडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज एकदम मऊ केला. "बाबा, खरं सांगा हं. कोणी आहे का?"

"अगं, कोणी नाही!"

"असलं तर मला राग नाही येणार. या वयात सोबत लागतेच माणसाला."

"अगं, कोणी नाही म्हणतोय ना!"

"मग उगीच कसं लिहितील? बरं, ते जाऊ दे. मदतनीस नसताना तुम्ही तिथे एकटे राहणार नाही आहात. दोन महिन्यांनी मुलांच्या परीक्षा संपतात, की मी येते. घराला कुलूप लावू आणि तुम्ही सरळ इकडे चला."

मुलगी वाईट नव्हती, जावई वाईट नव्हता, नातवंडं तर लाघवी होती. पण तिथे बाहेरच्या खोलीतला सोफा काकांसाठी रात्री उघडायचा आणि सकाळी सगळे उठायच्या आत मिटायचा. सगळे त्यांना पाहुण्यासारखं जपत, आणि काकांना नेमकं तेच सोसत नसे. ज्या घरात अंधारात हात लांबवला की दिव्याचं बटण सापडतं त्या घरातच आपले डोळे मिटावेत, एवढी एकच त्यांची इच्छा उरली होती. दोन महिन्यांत मदतनीस परत मिळाली नाही तर तीही गेली.

दुसऱ्याच दिवशी काका काठी टेकत कल्याण कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"यात लिहिलंय तेच आहे."

"पण दुसरी व्यक्ती म्हणजे कोण?"

"ते फायलीत असणार."

"मग फाईल दाखवा की."

"अशी नाही दाखवता येत. माहितीच्या अधिकारात अर्ज करा."

"अहो, माझीच फाईल आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. "दुसऱ्या कोणाची असती तर तोंडी सांगितलं असतं."

काकांनी अर्ज केला. असा अर्ज त्या कार्यालयात पूर्वी कधी आला नसेल. समास सोडलेला, ओळी सरळ, एक खाडाखोड नाही. 'माझ्या नावाच्या फायलीतील सर्व गृहभेटींचे अहवाल मला मिळावेत.' दोन आठवड्यांनी उत्तर आलं. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची, म्हणजे अर्जात जिचं नाव आहे तिची, वैयक्तिक माहिती असल्याने त्या व्यक्तीची संमती असल्याशिवाय देता येणार नाही. सबब संबंधित व्यक्तीला नोटीस बजावण्यात येत आहे.

काकांना हसू आलं. म्हणजे आता मला नोटीस येणार, मी मला माझी माहिती द्यायला हरकत नाही म्हणून लिहून देणार, आणि मग मला माझी माहिती मिळणार. सरकारी गाडा असाच चालतो. त्यांनी नोटिशीची वाट पाहिली. एक तारीख आली, मदतनीस बाई निरोप घेऊन गेल्या, जाताना दोन बादल्या भरून ठेवून गेल्या. त्या बादल्या संपल्या. नोटीस काही आली नाही. आला तो थेट निकाल.

"संबंधित व्यक्तीस तिच्या राहत्या घरी समक्ष नोटीस बजावण्यात आली. सदर व्यक्तीने माहिती देण्यास लेखी हरकत घेतली आहे. सबब अर्ज नामंजूर."

सोबत हरकतीची प्रत होती. एकच ओळ. 'माझी माहिती कृपया या गृहस्थांना देऊ नये, ते चिडखोर आहेत.' खाली काकांचं नाव आणि नावावर सही.

काकांनी लाल पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवून दिली. अक्षर सुबक होतं. चूक एकही नव्हती. काकांना खरी धडकी भरली ती यामुळेच. खोटी सही करणारा, फसवणारा, लुच्चा माणूस त्यांच्या कल्पनेत अशुद्ध लिहिणारा होता. त्यांनी तारीख पाहिली. नोटीस बजावली तो मंगळवार. मंगळवारी दिवसभर ते घरात होते, दारासमोरच्या खुर्चीत, पाणीवाल्याची वाट पाहत. दार वाजलंच नव्हतं. म्हणजे कोणीतरी याच घरात नोटीस घेतली होती, सही केली होती आणि ते इथे समोर बसून होते.

त्या दिवसापासून काकांचं वागणं जरा बदललं. आतल्या खोलीत जाण्याआधी ते खाकरत. दाढी करताना आरशातल्या माणसाकडे संशयाने बघत. एकदा भरदुपारी त्यांनी मोठ्या धिटाईने रिकाम्या खोलीला बजावलं, "मी चिडखोर नाही!" आणि ते इतक्या चिडून बजावलं की नंतर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यांनी अपील केलं. अपिलाची सुनावणी माहिती अधिकारी बाईंसमोर लागली. बाई नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, आणि कशाचंही आश्चर्य न वाटणाऱ्या होत्या. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीपुढे अर्धा प्यालेला चहाचा कप होता आणि कपातून अजून वाफ निघत होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या खुर्चीत बसा. त्या खुर्चीत संबंधित व्यक्ती होती."

काका अर्धवट बसले होते ते तसेच थांबले. "होती म्हणजे?"

"आत्ताच गेले ते. खिडकीतून तुम्हाला फाटकातून येताना पाहिलं आणि म्हणाले, मी निघतो, यांचा आवाज मोठा आहे."

"अहो बाई, ती व्यक्ती मी आहे!"

"असं तेही म्हणाले," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण ते ओरडून नाही म्हणाले."

काकांनी ओळखपत्र काढलं, घराच्या नोंदणीचा कागद काढला, मोडलेल्या हाडाचा एक्स-रेसुद्धा काढून उजेडाकडे धरला. बाईंनी तिन्ही वस्तू पाहिल्या, एक्स-रे जरा जास्त वेळ पाहिला. मग त्या बराच वेळ टाचणीने नखं साफ करत विचारात पडल्या.

"तुमचे कागद बरोबर आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे अर्जदार तुम्हीच आणि संबंधित व्यक्तीही तुम्हीच. मग याचा अर्थ एकच. आधी तुम्ही हरकत घेतलीत आणि आता तुमचं मत बदललंय. मत बदलायला कायद्याची आडकाठी नाही. अहवालांच्या प्रती तुम्हाला मिळतील. शिवाय गुरुवारी दुपारी तीन वाजता आमचे निरीक्षक नव्याने गृहभेट देतील. दुसरी व्यक्ती नसेल तर मदतनीस सुरू करू."

"आणि तो जो इथे चहा पिऊन गेला, तो?"

"काका," बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या, "त्यांच्यासारखं राहायचा प्रयत्न करा. फार समाधानी आहेत हो ते."

प्रती घेऊन काका घरी आले आणि दाराला आतून कडी लावून वाचायला बसले. चार वर्षांच्या आठ भेटी. आठही भेटी त्यांच्या पत्त्यावर, त्यांच्या नावाने, आणि त्यातली एकही त्यांना ठाऊक नव्हती.

घराचं वर्णन चोख होतं. दारातून आत गेल्यावर डावीकडे मोरी, समोर खिडकी, खिडकीशी खुर्ची. आतल्या खोलीच्या दाराचा खालचा कोपरा कुजलेला. काकांनी मान वळवून पाहिलं, कोपरा कुजलेला होता. 'लाभार्थी शांत व हसतमुख. चौकशी केल्याबद्दल दोनदा आभार मानले.' 'लाभार्थीची प्रकृती उत्तम. काही अडचण आहे का असे विचारता म्हणाले, कसलीच नाही, फक्त आपण येत जा.' 'शेल्फवर काचेच्या बरणीत एक मासा आहे. मासा ठीक.' काकांनी शेल्फकडे पाहिलं. मासा नव्हता. पण शेल्फवरच्या धुळीत एक वाटोळा डाग मात्र होता, आणि तो आपल्याच औषधाच्या डब्याचा आहे हे आठवेपर्यंत ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

मग पाचव्या भेटीचा अहवाल आला. तो काकांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच त्यांचा आवाज बसला.

'भेट चालू असताना घरात पुरुषाचा आवाज ऐकू आला. बोलणारी व्यक्ती दिसली नाही. शब्द पुढीलप्रमाणे: अवतरणचिन्ह सुरू, पाणीपुरवठा दोन दिवस बंद, स्वल्पविराम, नागरिक त्रस्त, पूर्णविराम, अवतरणचिन्ह पूर्ण. हे कोण, असे विचारले असता लाभार्थी म्हणाले, असतो एक. बिचारा एकटा आहे. त्याचा काही त्रास नाही.'

सहाव्या भेटीत आवाज होता. सातव्या भेटीत आवाजाला खोकला झाला होता. आठव्या भेटीत निरीक्षकांनी शेरा मारला होता: 'दुसऱ्या व्यक्तीचा वावर कायमस्वरूपी आहे.'

काकांनी कागद मांडीवर ठेवले. दुसरी व्यक्ती सापडली होती. ती तेच होते. सरकारच्या लेखी या घरात कोणी दुसराच हसतमुख म्हातारा राहत होता, मासा पाळत होता, आलेल्यागेलेल्याचे आभार मानत होता. आणि काका या घरात राहत नव्हते, नुसते ऐकू येत होते. बायको गेल्यावर पहिल्या दिवसांत घर जसं परकं वाटलं होतं तसं ते आज पुन्हा वाटलं. त्या दुपारी त्यांनी वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचलं.

गुरुवारी सकाळपासून त्यांनी तयारी केली. घरात दुसरी व्यक्ती असल्याचा पुरावा राहता कामा नये. त्यांनी दुसरी खुर्ची कपाटामागे ढकलली, दुसरी उशी गादीखाली सारली, कप एकच बाहेर ठेवला. बायकोचा चष्मा चार वर्षं खिडकीत तसाच होता. तोही त्यांनी खिशात टाकला. दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे निरीक्षकाला वाजवायचीही तसदी नको. आणि दारासमोर, ओळखपत्र छातीशी धरून, ते खुर्चीत बसले.

तीनला पाच मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली. जड पावलं, दमलेल्या माणसाची. पहिला जिना संपला. दुसरा जिना संपला. एक गोल चेहऱ्याचा माणूस बगलेत फाईल धरून काकांच्या दारासमोर आला. काकांनी तोंड उघडलं. त्या माणसाने घाम पुसला, उघड्या दाराकडे ओझरतं पाहिलं, आणि तो तसाच पुढचा जिना चढू लागला.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. वर कुलूप आहे, वर चिटपाखरू नाही. आणि मग त्या रिकाम्या घरातून, थेट त्यांच्या डोक्यावरून, ऐकू आलं: "नमस्कार काका!" पाठोपाठ त्या आवाजाने त्यांचं नाव घेतलं. आडनावासकट. "काय, तब्येत कशी?"

"उत्तम," छत म्हणालं. "आपण आलात, फार बरं वाटलं."

काका गेल्या चार वर्षांत वरच्या मजल्यावर गेले नव्हते. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर कंबर नको म्हणत होती. वर काय असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवून ते चढले, पण शेवटच्या चार पायऱ्यांवर त्यांना स्पष्ट वाटलं की दारात आपणच उभे असू आणि आपल्याला विचारू, कोण हवंय?

दाराच्या कडीत जुनं गंजकं कुलूप होतं. लटकत होतं, पण उघडं. काकांनी दार ढकललं.

आत त्यांचीच खोली होती. डावीकडे मोरी, समोर खिडकी, खिडकीशी खुर्ची. शेल्फवर बरणी, बरणीत मासा. खुर्चीत एक बारीक, गोरटेला म्हातारा अंग चोरून बसला होता आणि काकांना पाहताच त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. निरीक्षक पाठमोरे होते. ते फाईल उघडत म्हणाले, "काका, आज नियमाप्रमाणे स्वयंपाकघर बघावं लागेल. दुसऱ्या माणसाची भांडी वगैरे. तुम्ही बसा, मीच बघतो." आणि ते आत गेले.

"कोण तुम्ही?" काकांनी विचारलं. ओरडायचं होतं, पण आवाज कुजबुजीएवढाच निघाला.

"वरचा," म्हातारा तितक्याच हळू म्हणाला. "वाचनालयात शिपाई होतो. मुलाकडे गेलो होतो, दोन महिन्यांत परत आलो. कोणाला कळलं नाही. माझं चालणं वाजत नाही ना. तीस वर्षं वाचकांच्या पाठीमागून रबरी सपाता घालून फिरलोय."

"आणि मी म्हणून इथे बसता?"

"मी नाही हो बसलो, साहेबांनी बसवलं. तुमच्या पत्त्यात तिसरा मजला आहे. तुम्ही तळमजला धरून मोजता, साहेब जिने मोजतात. रंगकामात दारावरच्या पाट्या काढल्या त्या कोणी परत लावल्या नाहीत. साहेब आले, तुमचं नाव घेतलं. मी सांगणारच होतो, मी तो नव्हे म्हणून. पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, तब्येत कशी?" म्हाताऱ्याने खाली पाहिलं. "तेव्हा सात महिने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, उत्तम."

काकांची नजर बरणीतल्या माशाकडे गेली.

"फाईल उघडली असती तर साहेब यायचे थांबले असते. म्हणून हरकत घेतली. तुमची मदतनीस बंद होईल हे डोक्यातच आलं नाही. आज खरं सांगून टाकतो त्यांना. पोलिसात देतील तर देऊ देत. फक्त माशाचं बघाल?"

आतून भांडी वाजली. काकांच्या डोक्यात संताप होताच. चार वर्षं हा माणूस त्यांच्या नावाने समाधानी राहिला होता, आणि त्यापायी काकांचं घर सुटायची वेळ आली होती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्यांनी तो शब्द तोंडात तयारही केला. पण खुर्चीतल्या त्या माणसाची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडे असा बघत होता, जणू हा सरकारी माणूस आत्ता बाहेर येईल तो शेवटचाच.

निरीक्षक बाहेर आले. काकांना पाहून दचकले. "हे कोण?"

"मी..." काका म्हणाले आणि खोकले. मग नाइलाजाने मोठ्याने म्हणाले, "मी आहे, स्वल्पविराम..."

सवय जात नाही. पण निरीक्षकांचा गोल चेहरा एकदम उजळला. "अरे! तो आवाज तुमचा! अहो, दोन वर्षं मी शोधतोय तुम्हाला! तुम्ही इथे राहता?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. खिशातल्या चष्म्याला त्यांचा हात लागला.

"नाही," ते म्हणाले. "मी खाली राहतो. मोठ्याने वाचायची सवय आहे."

"खाली? म्हणजे आवाज खालून येतो?" निरीक्षकांनी जमिनीवर पाय आपटून पाहिला. "म्हणजे या घरात दुसरी व्यक्ती नाहीच! मग तर प्रश्नच मिटला. काका," ते म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमची मदतनीस सोमवारपासून सुरू. तीच बाई चालेल ना? घर माहीत आहे तिला."

"तिला बरोबर माहीत आहे," काका म्हणाले.

निरीक्षकांनी जागच्या जागी अहवाल लिहिला. साक्षीदार म्हणून 'खालचा शेजारी' अशी काकांची सही घेतली. चहा प्यायले. जायला निघाले आणि दारात थबकले. "तुम्हीही एकटेच का हो?" त्यांनी काकांना विचारलं. "मग तुम्ही का नाही अर्ज करत? हा घ्या नमुना. मी तुमच्याकडेही येत जाईन. याच फेरीत होईल." आणि जड पावलं अठरा पायऱ्या उतरून, काकांच्या उघड्या दारावरून, खाली गेली.

खोलीत दोघेच राहिले. मुलीला आज फोन करायचा, येऊ नकोस म्हणून सांगायचं, हे काकांच्या मनात आलं आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. कागदोपत्री ते आता स्वतःचे शेजारी होते. हरकत नव्हती. दिव्याचं बटण जिथे होतं तिथेच राहणार होतं.

त्यांनी अर्जाचा नमुना टेबलावर पसरला आणि खिशातून पेन काढलं. "हा तुमच्या नावाने भरू," ते म्हणाले. "साहेब खाली आले की मी तुम्ही होईन. ते तुमचं नाव घेतील, मी ओ देईन. मदतनीस बाई माझं आटोपून तुमच्याकडे वर येतील. त्यांना मी सांगतो नीट."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला जमेल माझं व्हायला?"

"तुम्हाला माझं व्हायला जमलं, मग मला का नाही जमणार? बोला. पूर्ण नाव?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मिटलं. त्याने बरणीतल्या माशाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग कपाळावर हात घासला आणि ओशाळून हसला.

"थांबा हं," तो म्हणाला. "आठवतो."

काकांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि ते वाट पाहू लागले. त्यांना काही घाई नव्हती.